लेंडी न टाकणारी मेंढरं

ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही.

सुभाना दिवेलागणीनंतर घरातून निघाला. हातात काठी, डोक्याला मुंडासं. मेंढरं आणायला चालला होता. मिरगाचा पाऊस आठ दिवसांवर आलेला, आणि त्याच्या रानात अजून मेंढरं बसली नव्हती.

नाही बसली तर काय बिघडलं, म्हणाल. अरे, पीक काय वाऱ्यावर वाढतं? रात्रभर मेंढरं बसली की लेंडी-मूत मातीत मुरतं. पावसात विरघळतं. मग मुळं ते पितात. सुभानाचं रान मुरमाड. गेल्या साली ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. खालची पानं आधी पिवळी पडली. शेंडा जगवायला ज्वारीचं ताट आपल्याच खालच्या पानातला कस काढून घेतं. ते भुकेचं लक्षण. यंदाही तसंच झालं असतं, तर घरात दाणा आला नसता.

थोरला भाऊ येसबा म्हणाला, "धनगर ओढ्यापलीकडं उतरलाय. आत्ता जा, नाहीतर दुसरा नेईल. ओढ्यातनं जा, जवळ पडतं."

"दादा, रात्रीचं? ओढ्यातनं?"

"भितोस? मग बस बायकोचा पदर धरून."

गेला. थोरल्याचा शब्द!

ओढ्यात उतरला, तर समोर मेंढरं. चांगली शे-दीडशे. पुढं धनगर, डोक्यावरून घोंगडी.

"पाव्हणं, रानात बसवायची का?" धनगरानं आपणहून विचारलं.

"चला की, मामा!"

निघाले. आता नीट ऐका. एवढी मेंढरं, पण एक ओरडेना. खुरांचा आवाज नाही. वास नाही. मेंढराला वास नाही, असं कधी झालंय? सुभाना वाकला, मागच्या वाटेवर हात फिरवला. एक लेंडी नाही! शे-दीडशे मेंढरं, आणि एक लेंडी नाही!

वाटेत हिरवागार करंज होता. मेंढरं बुंध्याला घासून गेली. चांदण्यात सुभानानं बघितलं. झाड खालून पिवळं पडत गेलं, शेंड्यापर्यंत, आणि सगळा पाला खाली आला. ही मेंढरं जमिनीला देत नव्हती. जमिनीतलं पीत होती.

"उपाशी आहेत," धनगर वळून म्हणाला. घोंगडीच्या आत तोंडच नव्हतं. "तुझं रान कुठलं? नुसतं बोट दाखव."

तोवर चढावर आले होते. खाली येसबाचं रान. तिथं शेकोटी पेटलेली. कुत्री भुंकत होती, कोकरं ओरडत होती. खरी मेंढरं! येसबानं ती आपल्या रानात बसवली होती, आणि पाठच्या भावाला ओढ्यात धाडलं होतं.

सुभानाचं बोट उठलं. येसबाच्या रानाकडं वळलं. का वळू नये? सांगा!

पण त्या रानावर येसबाची चार लेकरं जगत होती. सुभानानं हात खाली आणला. खाली बसून पायाखालच्या कातळावर टेकवला.

"हे माझं रान."

मेंढरं कातळ चाटू लागली. त्यात काय मिळणार? मग त्याच्या पायाचे तळवे चाटू लागली. त्याला उठता येईना, ओरडता येईना. कोंबडा आरवला तेव्हा मेंढरं विरली. पाय घोट्यापर्यंत वाळल्या धाटासारखे झाले होते. रांगत घरी आला.

येसबा दारातच उभा. "मिळाली का मेंढरं?"

"मिळाली. तुझं रान विचारत होती. मी दाखवलं नाही."

सुभाना पुढं वीस वर्षं जगला, पण येसबाला पुन्हा दादा म्हणाला नाही.

त्या ओढ्यातनं रात्री जायचं नाही. भाऊ सांगो, बाप सांगो. उठा आता.