बोक्याचा तास

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी फ्रेंच शिकवणाऱ्या एक बाई मांडीवर बोका घेऊन बसल्या होत्या. पलीकडच्या कुत्रेवाल्या आजोबांना राहवलं नाही.

“काय झालंय बोक्याला?”

“पोट बिघडलंय. याच्यापायी माझा अख्खा वर्ग झोपला हो!”

“बोक्यापायी?”

“धडा मी व्हिडिओत शिकवते. पोरांनी तो घरी बघून यायचा आणि वर्गात फक्त बोलायचं. पण एक पोर बघेल तर शपथ! मग एकदा माझ्या मागून हा शेपटी उडवत गेला, आणि सगळे बघायला लागले.”

“मग बिघडलं कुठं?”

“कालच्या व्हिडिओत हा नव्हता. पोरांनी पत्रच लिहिलं. ‘बोका लवकर बरा होऊ दे. नुसत्या बाई बघवत नाहीत.’”

“अरेरे!”

“अहो, अरेरे काय! सगळं पत्र फ्रेंचमध्ये, आणि चूक शोधून सापडत नाही!”