पिंजऱ्यावरची चादर

जनावरांच्या दवाखान्यात मांडीवर मांजर घेऊन बसलेल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले. समोरच्या बाकावर एक म्हातारे काका चादरीने झाकलेला पिंजरा सांभाळत बसले होते आणि त्यांची शेजारीण धापा टाकत आत शिरली होती.

"काका, पोपट आजारी पडला?"

"पंधरा दिवस तोंड उघडलं नाही त्यानं. तुम्ही तक्रार केलीत, मी झाकून मागच्या खोलीत ठेवला."

"मग काय करणार? रोज सकाळी सहाला 'उठा, दूध आलं!' म्हणून बोंबलायचा. रात्रपाळी करून आलेल्या बाईनं झोपायचं कधी?"

"तुमचंही खरंच आहे."

"काका, आता ती चादर काढा."

"का? रात्रपाळी सुटली?"

"नाही हो. आमच्या सासूबाई पंधरा दिवस धड जेवत नाहीत."

"आजारपणापासून ज्या बोलत नाहीत, त्याच ना?"

"दोन वर्षं झाली. पण मदतीला येणारी बाई म्हणते, पोपट ओरडला की त्या त्याला उत्तर द्यायच्या. मी कानात बोळे घालून झोपलेली! काहीतरीच सांगते झालं."

काकांनी चादर काढली. पोपटाने पिसं फुगवली, मान वाकडी करून शेजारणीकडे पाहिलं.

"उठा, दूध आलं!"

आणि लगेच, म्हाताऱ्या बाईच्या बारीक, कापऱ्या आवाजात,

"आले रे बाबा, आले!"

सासूबाईंचा आवाज ओळखून शेजारीण पिंजऱ्यापाशी वाकली.

"पुन्हा म्हण ना रे," ती म्हणाली.