यादीतलं चोविसावं नाव

न्हाय सर, बसा वाईच, त्या कॉम्प्युटरला काय पाय फुटत न्हायत. न्यायला आलाय न्हवं, मग न्या की — आमी काय धरून ठेवलाय का? उलट बरं झालं आला ते. एकोणीस दिवस झालं आक्काला जाऊन, एकोणीस दिवस ही अडगळ खोलीत नुसती बसून हाय, पाहुण्यावानी. चहा घ्या. लाईट अकराला येती, तवर तुमाला ते चालू करून बी बघता यायचं न्हाय. आन बघूनच न्यायचं म्हणताय, म्हंजे आमी काय त्यातला पार्ट काढून इकला का काय, असंच ना? न्हाय, राग न्हाय आला. बघा. संस्थेची वस्तू हाय, तुमाला सायबाला उत्तर द्यावं लागतं. कुणाला देणार आता? भिगवणला? द्या की. मासे धरणाऱ्यांची पोरं ती, त्यांना बी अननस बघू द्या.

अननस म्हंजे ते पहिलंच चित्र न्हाय का तुमच्या त्या शिकवायच्या चकतीत, शीडीत — अ अननसाचा. आता मला सांगा, निमगाव केतकीच्या बाजारात तुमी कवा अननस बघितला? डाळिंब बघितलं आसंल, पेरू, बोरं, पाटीनं कांदा. आमच्या वाडीवरची तेवीस पोरं, एकानं बी आयुष्यात अननस बघितला न्हवता. दगडाबाईचा नातू म्हणला, हे निवडुंगाचं बोंड हाय, ह्याला हात लावायचा न्हाय, काटं घुसत्यात. झालं. पुढं आठ दिवस त्या चित्राला कोण बोट लावंना. आन आतनं ती बाई — पुण्याचीच आसंल, दुसरं कोण असं बोलतं — ती म्हणती, ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा.’ शाब्बास म्हणती ते बी असं, जशी काय साखर मोजून वाढती.

आन मेंढीचं तर इचारूच नका. व्हय, म मेंढीचा. आता आमी धनगर. आमच्या बापानं, अप्पानं, दोन वर्षामागं कळप इकला, आता मका करतोय आन दुसऱ्याच्या बागंला पाणी देतोय, पर रक्तातनं मेंढरं जात्यात व्हय? पडद्यावर मेंढी आली — पांढरीशिप्पट, गुबगुबीत, साबणानं धुतल्यावानी. शंभू उठला, त्याला वाटलं हे कोकरू, त्यानं ‘क’ दाबला. चूक. सुकन्या म्हणली, येडा हाईस का, हे कोकरू न्हाय, वरीसभराची पाठ हाय, मादी, तोंड बघ की, आन तिनं ‘प’ दाबला. चूक. तिसरा म्हणला, पाठ हाय का नर हाय ते मागनं बघितल्याशिवाय कसं कळंल, मशीनला म्हणावं वळीव. वळीव म्हणं. तुमी हसताय. आक्का बी हसलीवती, डोळ्यातनं पाणी येस्तवर. तासभर पोरं त्या मशीनसंगट भांडत व्हती, आन ते आपलं चूक, चूक, चूक. अहो, चूक कुणाची? जनावर बघून त्याचं वय सांगणारी पाच वर्षाची पोरं, आन त्यांना चूक म्हणणार कोण, तर डब्बा.

आक्काची रीत निराळी व्हती. तुमी आला न्हाय कवा तिचा वर्ग बघायला, तुमी फकस्त मशीन ठेवायला आला आन आज न्यायला आला. म्हाळसा मॅडम म्हणायचा न्हवं तिला कागदावर, पर मॅडमनं काय केलं ते कागदावर न्हवतं. ऐका आता, टाईम हाय तुमाला. मेंढराच्या पाठीवर आमी रंग लावतो, कावंचा, तांबडा, आपलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं तर वळखू यावं म्हणून. आक्कानं तीच काव घेतली, वढ्यातनं चपटी धोंडं आणली आन एकेका धोंड्यावर एकेक अक्षर काढलं. आन ती धोंडं वाटली पोरांना. ज्याच्या नावाचं जे पहिलं अक्षर ते त्याचं मेंढरू. घरी न्यायचं, संभाळायचं, सकाळी परत आणायचं. आन हितं अंगणात अप्पाची जुनी वाघूर लावायची — मेंढरं कोंडायची जाळी हो — आन आक्का हाक मारायची, मला आज आत ‘कमळ’ पायजे. की पळाली पोरं. क वाला, म वाला, ळ कुणाच्याच नावाला न्हाय म्हणून तो अप्पाला दिलेला, मग अप्पाला खाटंवरनं उठवायचं, म्हातारा धोंडा घेऊन जाळीत उभा. तिघं वळीनं उभं ऱ्हायलं की बाकीच्यांनी वाचायचं.

आता ह्यातली मेख बघा. एखादं पोरगं आलं न्हाय तर त्याचं अक्षर बी न्हाय. मग शब्दाला भोक पडायचं. आन भोक पडलेलं आक्का चालवून घ्यायची न्हाय — जावा म्हणायची, मेंढरू हुडकून आणा. मग सगळी वरात त्याच्या दारात. बिन आंघुळीचं पोरगं धोंड्यासकट उचलून आणायची. कुशाबाईची सून म्हणायची, तापलंय गं पोरगं, तर पोरं म्हणायची, ते राहू दे, त्याचा धोंडा तेवढा द्या. हजेरी लावायची गरज न्हवती तिला. तुमच्या मशीनला हाय का असलं? एक पोरगं न्हाय आलं तर त्याला कळतं तरी का? ते आपलं हिरवं तोंड करून बसलेलं.

आली लाईट. लावा, लावा, ते मागचं बटन आधी — न्हाय, ते न्हवं, खालचं. मग त्या डबीचं पुढचं. मला कसं ठावं? बघितलं असंल कवा आक्काला लावताना. आता जरा गुरगुर करंल, मग निळं व्हईल, मग ते फूल येईल. फुलावर न्हाय दाबायचं, कोपऱ्यात यादी हाय. व्हय, तीच. आक्कानं टाईप केलीय ती, एक एक बटन हुडकून, दोन दिवस लागलं. ती बघून काय करणार पर? — पुसणार. म्हंजे ह्या पोरांची नावं पुसायची आन तितं भिगवणच्या पोरांची लिवायची. असं. म्हंजे पाटीवानीच झालं की. न्हाय, मी कुठं काय म्हणलं. पुसा. कुणाच्या बापाचं काय जातंय.

चोवीस? न्हाय, तेवीसच पोरं हायत. नीट मोजा. मशीन चुकतंय म्हणून तर सांगतोय मघाधरनं. काय नाव? बिरू. आसंल कोणतरी. धनगराच्या वाडीवर बिरू म्हणून हाक मारा, चार बापय आन सहा पोरं व्हय म्हणत्यात. गेलं आसंल ते पोरगं सोडून, मेंढरामागं कोकणात. पुसून टाका त्याला बी.

ते काय असतं, तारीख? कोण कवा बसलं ती बी धरून ठेवतंय व्हय ते. काल दुपारी साडेबारा. कालची.

असं टकामका बघू नका सर. मीच बिरू. आक्कानं मला बिऱ्या म्हणायचं, शाळंत घातलं तवा बिरू म्हणून घातलं, आन तिसरीतनं काढलं, कारण मेंढरामागं कोणतरी लागत व्हतं आन ती हुशार व्हती आन मी न्हवतो. ती दहावी झाली. मी पार पाली-खोपोलीपातूर चालून आलो. आता एकवीस वर्षाच्या बाप्याला अक्षर फुटंना हे काय सांगायची गोष्ट हाय? मेंढरं इकली तवा वालचंदनगरला कामाला गेलो, त्यांनी कागद दिला, म्हणलं भर. मी म्हणलं, उद्या आणून देतो. अजून द्यायचाय.

तर आक्का म्हणली, पोरांना मी हाय, हे मशीन तुझ्यासाठी घेतलंय. खरंच म्हणली असं. संस्थेला तिनं काय सांगितलं ते सांगितलं, मनात हे व्हतं. म्हणली, बिऱ्या, तुला माणसापुढं लाज वाटती, ह्याच्यापुढं कसली लाज, हे काय वाडीवर जाऊन सांगणाराय का. पोरं जेवायला गेली की मी बसायचो. दार लावून. आठ धडं केलं. चांगलं नसतंय ते, सांगतो तुमाला, मशीन म्हणून एकदम भिकार हाय, एकदा अडकलं की बंद करूनच लावायला लागतंय. पर आठ धडं केलं.

आन त्या दिवशी दार नीट लागलं न्हवतं. मी आपला बसलोय, नववा धडा, एकदाचं बरूबर आलं, आन पडद्यावर ते फुलांचं हे आलं, आन मागनं आवाज आला — ‘शाब्बास बिरू.’ बाईचा न्हाय. बाई नुसती शाब्बास म्हणती, नाव फकस्त लिवलेलं येतं. वळून बघितलं तर सुकन्या. पाच वर्षाची. दारात हुबी, हातात भाकरी, आन तिच्यामागं सहा-सात कार्टी. मग सगळीच लागली, शाब्बास बिरू, शाब्बास बिरू. आन त्यांच्यामागं आक्का. टाळ्या वाजवत व्हती ती. हसत व्हती. माझी थोरली बहीण, पोरांच्या वर, मोठ्यांदा हसत व्हती.

मी उठलो आन काय काय बोललो. ते तुमाला सांगायचं न्हाय. माझा तमाशा मांडलास म्हणलं. तुझी शाळा, तुझं मशीन, तुझं ते बारामतीचं शिक्षण, चुलीत घाल म्हणलं. ती काय तरी सांगत व्हती, अरे ऐक, अरे सुकीनं — एवढंच कळलं मला. मी ऐकलं न्हाय. मी रानात निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी तुमचं ट्रेनिंग व्हतं बारामतीला. तुमीच ठेवलं व्हतं न्हवं, नऊ वाजता, सगळ्या बालवाडीच्या बायकांचं. मी तिला लूनावर निमगावच्या स्टँडला सोडायचो, सातची यष्टी मिळायची. सकाळी ती अंगणात आवरून हुबी. म्हणली, बिऱ्या, येतोस का? मी वाकळ वढून घेतली. जागा व्हतो की. लूनाची किल्ली उशाखाली व्हती. ती वाईच थांबली, मग चालत गेली. दीड कोस हाय. यष्टी चुकली. मग वडापची जीप, आत पंधरा माणसं, तिला कडंला जागा. लासुर्ण्याच्या पुढं उसाच्या ट्रेलरला — तुमाला ठावंच हाय. पेपरात आलं व्हतं. मला वाचाय येत न्हाय म्हणून कुणी दाखवला न्हाय तो पेपर, पर मी बघितला. वाचला. सगळा न्हाय. तिचं नाव सापडस्तवर वाचला.

आक्काच्या मातीला आली व्हती पोरं, धोंडं घेऊन. कुणी सांगितलं न्हवतं. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आली. मी म्हणलं, शाळा न्हाय. तर बसली अंगणात. चौथ्या दिवशी परत. मग लावली वाघूर, काय करणार. हाका मारल्या. सोपं सोपं, मला येतं तेवढं. आन तवा सुकन्या म्हणली — मामा, तुझं नाव मी वाचलं व्हतं. कुणी शिकवलं न्हवतं, धोंडं न्हवतं, माझं मी वाचलं. म्हणून आक्का हसली. मी म्हणलं, काय? तर म्हणली, वाडीवर पहिलं मी वाचलं, म्हणून आक्का नाचली. तू आलास आन वरडलास.

न्हाय, नगो मला पाणी. बसा तुमी.

सात महिनं त्या पोरांमागं घासली ती. आन पहिलं पोर स्वताच्या डोळ्यानं वाचतं, पुरतं दोन शब्द, ते कुठं, तर तुमच्या डबड्यावर. आन ते शब्द काय, तर माझं नाव. आन मी काय केलं.

ऐका, सर. ही चकती चौदा धड्यांची हाय. मी नववा केला तवा ते झालं, त्यानंतर मी लाजंलाज त्याला हात लावला न्हाय, पर पोरं कवाच फुडं गेली. आता ती मला शब्द इचारत्यात, मामा हे काय, मामा ते काय, आन मला येत न्हाय. म्हणून परवाधरनं बसतोय. बारावा चालू हाय. काल दोनदा चुकलो. तुमचं सायेब आन तुमचं भिगवण थांबू द्या. काय सांगायचं ते सांगा, म्हणावं धनगराचं पोरगं माजलंय, आंगावर आलं. सही पायजे तर सही घ्या, मशीन दिलं न्हाय म्हणून. पुढच्या आयतवारी या. तवा चोवीसच्या चोवीस नावं पुसा, मी हू का चू करायचा न्हाय. पर तवर त्या यादीला बोट लावायचं न्हाय. सांगून ठेवतो.

काय इचार करताय? मी इचारलं न्हाय तुमाला, मी सांगितलं. कप ठिवा तितंच, धुतो मी. पोरं यायला लागली बघा, ती अंगणात. आज दार लावून न्हाय बसायचं मला, मागं बसू द्या त्यांना, हसायचं तर हसू द्या. उठा सर. चपला डाव्या हाताला हायत. आन जाता जाता ती खिडकी तेवढी लोटून घ्या, काचंवर ऊन येतंय, अक्षर दिसत न्हाय.