साडूला सांगितलेला हंगाम

एकोणीसशे शहाण्णव साल, ऑगस्टचा पहिला रविवार, आमच्याकडे तेव्हा भर उन्हाळा, आणि त्यानं भात ढवळला. तुम्हाला सांगतो, मी माणसाला पुष्कळ माफ करतो. माझी होडी खडकावर घातली त्याला माफ केलं. पण भात? संत्र्याच्या लाकडांवर परातीएवढी पसरट कढई, त्यात ससा, शेंगा, गोगलगायी, वर तांदूळ, आणि एकदा तांदूळ पडला की आमच्याकडे बाप जरी आला तरी हात लावत नाही. का? तळाला खरवड धरायची असते म्हणून! त्या खरवडीसाठी तर माणसं जेवायला येतात. मी सरपण आणायला वळलो, इतकंच... आणि हा एलिसेओ, माझा साडू, माद्रिदचा, पांढरी विजार घालून उभा, पळी घेऊन गरागरा ढवळतोय. वर मलाच सांगतो, "तळाला लागत होता हो, साडूभाऊ. मी वाचवला."

वाचवला! अख्खी गल्ली बसलेली जेवायला. माझ्या भाताचं झालं खिमट, बाळाला भरवतात तसं. माझी कीव करत सगळ्यांनी चमच्यानं खाल्लं. ते जास्त लागलं मला.

आणि हा झोपतो कुठं? माझ्या पलंगावर. समुद्राकडची खोली माझी, खिडकी उघडली की लाटा उशाशी. पण दर ऑगस्टात रेमेदियोसची, म्हणजे आमच्या बायकोची, बहीण एन्कार्ना आणि हे महाशय तिथं पसरणार, आणि मी स्वयंपाकघरात, फरशीवर, भट्टीत पाव भाजावा तसा. सव्वीस वर्षं मासे मारून बांधलेलं घर, आणि मला झोपायला चुलीची बाजू. ते एक वेळ चालवलं. पण त्यानं भात ढवळला.

त्याच शरदात त्याचा फोन आला. नोकरीतून मोकळा झाला होता, आता म्हणे केव्हाही येता येईल. ऑगस्टात गर्दी फार, उकाडा फार, जेलीफिश चावतात, तर तुम्ही जन्मापासून तिथले, तुम्हीच सांगा, तुमच्या गावाला यायला सगळ्यात चांगला हंगाम कोणता?

मला विचारलं. मला!

आता हे काय कुणाला सांगायला हवं? मे महिना. वाळू धुतल्यासारखी, कोवळ्या शेंगा, वारा अंगावर मऊ. नाहीतर सप्टेंबर, पाहुणे गेलेले, पाणी अजून कोमट. दुष्मन नसलेल्या माणसाला मी हेच सांगतो. त्याला म्हटलं, जानेवारी.

खोटं बोललो का? एक अक्षर नाही. बदाम फुलतो, म्हटलं. किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. दुपारी चर्चच्या भिंतीला टेकून मी सदऱ्यावर ऊन खातो. सगळं खरं. पूर्ण नाही सांगितलं, एवढंच. रेमेदियोस मटार सोलत ऐकत होती. विचारलंन, "काय शिजतंय तुमच्या डोक्यात?" मी म्हटलं, काही नाही.

आले बापडे जानेवारीत, उन्हाळी टोप्या घालून! ज्या दिवशी आले त्याच दिवशी पूर्वेचा वारा सुटला. आमची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, कळलं का? भिंती पातळ, खाली फरशी, झोपायच्या खोल्यांत शेगडी धुराडं काही नाही. बाहेरच्यापेक्षा आत गार. मीठ बरणीतून निघत नाही, चादर पिळून घ्यावी अशी. खानावळीत खुर्च्या टेबलांवर उलट्या. आणि वाळूवर सगळा हिवाळाभर समुद्रानं आणून टाकलेलं शेवाळ, माणसाच्या उंचीचे ढीग, त्याचा वास... असो.

एलिसेओनं भीत भीत विचारलं, दुसरी एखादी खोली आहे का. मी म्हटलं, "छे छे, साडूभाऊ. समुद्राकडची खोली तुमचीच. ती मी कशी घेऊ?"

आणि मी कुठं? स्वयंपाकघरात! गोल टेबल, जमिनीपर्यंत लोळणारं जाड पांघरूण, खाली निखाऱ्यांचं घमेलं, आणि पांघरुणात माझे गुडघे. सगळ्या घरात ऊब असलेली तेवढी एक जागा. पाहुण्यांना कसं बसवणार चुलीपाशी? बरं दिसतं का ते? मी आत सुपारीएवढे ऑलिव्ह चघळत बसायचो आणि पलीकडून शिंका ऐकायचो. मोजल्या नाहीत. नुसत्या ऐकल्या.

शेवटी एका सकाळी आला, कोटावर कोट, अंगावर पलंगपोस. घटकाभर बसू का म्हणाला. बसा म्हटलं, माणूसच आहे मी. आणि फक्त एवढंच सांगितलं की निखाऱ्यांना हात लावू नका, राखेखाली धुमसू द्यायचे असतात. मी कॉफी ओतायला वळलो... तुम्हीच सांगा, काय केलं असेल?

ढवळले!

राख उडाली, ठिणगी उडाली, विजारीला पोटरीवर हे एवढं भोक. एन्कार्ना किंचाळली, मी पाणी ओतलं. जरा जास्तच ओतलं. निखारे विझले, विजार विझली, साडू कुडकुडायला लागला. त्याच दिवशी सामान बांधलं. मोटारीत बसताना म्हणाला, "यापुढं ऑगस्टात आम्ही उत्तरेला जाऊ, डोंगरात. समुद्र आम्हाला मानवत नाही." मी म्हटलं, तुमची मर्जी. आत जाऊन दार लावलं आणि एकटाच हसलो.

मग ऑगस्ट आला. खिडकी धुतली, स्वच्छ चादर घातली. तर रेमेदियोस पेटी भरतेय. बहिणीनं डोंगरात बोलावलंय म्हणे, महिनाभर. मी म्हटलं, आणि मी? दारातून वळून म्हणाली, "त्यांना जानेवारी कुणी सांगितला, ते मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

गेली. आता पलंग माझा, आडवा झोपा नाहीतर तिरका. लाटा उशाशी. भात लावत नाही, एवढी कढई एकट्यासाठी कोण चढवतो? पाव खातो, सार्डिन खातो.

फिटलं.