दर्ग्यात ठेवलेली जाळी

चौक गावच्या थांब्यावर पेणची एसटी लागली. माझ्या शेजारी तांदळाचं गाठोडं घेऊन बसलेली बाई एसटीतून उतरलेल्या सुक्या मासळीवालीकडे लगबगीनं गेली.

“अमिरुन, टोपली रिकामीच गं?”

“या खेपेला मासळी नाय, धोंडूबाई. इंजिनाच्या बोटींनी दर्या ओरबाडला. खाडीत नुसती पिल्लं उरलीत. मग कोळ्यांनी नि आमी मुसलमानांनी मिळून बारीक जाळी दर्ग्यात नेऊन ठेवली. पिल्लं मोठी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाय.”

“मग इतक्या लांब आलीस कशाला?”

“तू तांदूळ घेऊन वाट बघत बसली असतीस.”

“पिल्लं दिसत्यात का गं पान्यात?”

“उजाडलं की दिसतात. सगळी एकदम वळतात, नि पाणीच वळल्यासारखं चमकतं. आमी काठावर बघत बसतो.”

“आनि खाता काय?”

“खातो काहीबाही.”

“धर हे तांदूळ.”

“नको गं. बदल्यात द्यायला माझ्याकडं काय नाय.”

“हाय की. मी दर्या कदी बघितला नाय. उद्या सकाळी पिल्लं वळतील ना, तवा माझ्या वाटचंबी बघ.”