न मारलेलं हरीण

...आणि वर ती बाई मला म्हणते, "बाळा, राग मानू नकोस हं." आता राग मानू नको तर काय मानू, आभार मानू? अख्खं वर्ष मी मोंटानात काढलंय, नुसतं काढलं नाही, कुडकुडत काढलंय, आणि माझ्या अर्जावर शिक्का काय, तर 'बाहेरचा'. तुम्हीच सांगा, माणूस राहतो कुठे?

म्हणजे झालं काय, तुम्हाला सांगतो. मला शिकायचंय वनशास्त्र. लहानपणापासून डोक्यात दुसरं काही आलंच नाही. माझं घर विस्कॉन्सिन राज्यात, पण मला हवे होते हे डोंगर, आणि डोंगर काही तिकडे येत नाहीत, म्हणून मी इकडे आलो. विद्यापीठ राज्य सरकारचं, मोंटानाचं. इथल्या रहिवाशाला एक फी, बाहेरच्याला तिप्पट. तिप्पट मला या जन्मी झेपत नाही. मग काय करायचं? बारा महिने इथे राहायचं, इथलंच होऊन राहायचं, आणि तसं कागदांनी दाखवायचं. सोपं आहे ना? मलाही सोपंच वाटलं होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टात आलो. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हिंग लायसन्स. दुसऱ्या आठवड्यात गाडीची नंबरप्लेट. मतदार यादीत नाव. लाकडाच्या मिलमध्ये फळ्या रचायची नोकरी, टॅक्स इथे. ख्रिसमसला घरी गेलो नाही, का, तर उगाच कुणाला वाटायला नको की याचा एक पाय तिकडे आहे. आई फोनवर रडली हो. आणि मी काय सांगतोय तिला? "आई, बारा महिने फक्त, मग मी तुझाच." आणि इथला तरी किती झालो असेन? शेजारचे बर्लकाका, सत्तरीचे, फावड्याने बर्फ उपसता उपसता कुंपणापाशी येऊन म्हणतात, "बघितलंस क्लेटन, बाहेरच्या माणसांनी येऊन घरांचे भाव कुठे नेऊन ठेवलेत?" आणि मी मान हलवून म्हणतो, "नाहीतर काय काका, कुठून कुठून येतात!" अगदी मनापासून म्हणतो. आता मला सांगा, असा माणूस राहतो कुठे?

या ऑगस्टात, वर्ष भरल्यावर, फाइल घेऊन गेलो मिसेस पेट्रींकडे. त्या विद्यापीठात रहिवासाचे अर्ज तपासतात. वाईट नाहीत हो बाई, तोच तर त्रास आहे, वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. टेबलावर लिमलेटच्या गोळ्या, प्रत्येकाला 'बाळा'. सगळे कागद पाहिले, मान डोलावली, म्हणाल्या, "फक्त वडिलांचं पत्र आण. तू त्यांच्या पैशावर जगत नाहीस, एवढं लिहायचं. एक ओळ पुरे."

एक ओळ! माझा बाप, नॉर्बर्ट श्रोडर, ज्याने उभ्या आयुष्यात वाढदिवसाच्या कार्डावर 'बाबा' याच्यापुढे अक्षर लिहिलं नाही, त्याने दीड पान पत्र लिहिलं. पोराच्या शिक्षणाचा प्रश्न ना! बंद पाकीट, मी उघडलंही नाही. बाई चष्मा लावून वाचायला लागल्या... "माझा मुलगा खरोखर तिकडेच राहतो. ख्रिसमसलाही आला नाही. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीलासुद्धा आला नाही. त्याच्या नावाचा परवाना मी दरवर्षीप्रमाणे काढून ठेवला होता, तो अजून खिळ्याला लटकतोय."

बाई थांबल्या. चष्मा काढला. "बाळा, हा परवाना रहिवाशाचा, की बाहेरच्याचा?"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे विस्कॉन्सिनला नोव्हेंबरात नऊ दिवस शिकार असते. आजोबांनी रानात बांधलेल्या झोपडीत सगळे जमतात, आणि सगळ्यांचे परवाने बाबा काढतात. त्यांचा, माझी बहीण मार्लिस हिचा, माझा. झोपडीत ओळीने खिळे आहेत, ज्याच्या त्याच्या खिळ्याला ज्याचा त्याचा कागद. आजोबा वारले त्या वर्षी बाबा त्यांचाही काढायला निघाले होते, मार्लिसने दुकानाच्या दारातून परत आणलं. मी बाईंसमोरच फोन लावला, स्पीकरवर. "बाबा, तो परवाना कुठल्या दराने काढलात?"

"कुठल्या म्हणजे? रहिवाशाच्या! बाहेरच्याचा कशाला काढीन? तू काय बाहेरचा आहेस?"

किती अभिमानाने बोलले! तिकडच्या रहिवाशाचा परवाना, म्हणजे कागदावर मी अजून विस्कॉन्सिनचाच! बाईंनी एक गोळी माझ्यापुढे सरकवली आणि शिक्का उचलला. म्हणजे बघा, मी तिकडे गेलो नाही, बंदूक उचलली नाही, हरणाने मला पाहिलं नाही, मी हरणाला पाहिलं नाही, आणि त्या न मारलेल्या हरणापायी माझे बारा महिने गेले! मग माणूस राहतो कुठे?

बाबांना कळलं तसे ते दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी तिकडच्या शिकार खात्यात जाऊन उभे राहिले, "परवान्याच्या अर्जात मी खोटं लिहिलं, माझा मुलगा इथे राहत नाही." म्हणजे जे वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, ते त्यांनी खिडकीपाशी उभं राहून अनोळखी माणसाला सांगितलं. खात्याने मला पत्र पाठवलं, परवाना रद्द, कारण मी विस्कॉन्सिनचा रहिवासी नाही. मी नाचत बाईंकडे. "बघा बाई, तिकडच्यांनीच लिहून दिलं!"

"छान झालं रे बाळा," बाई म्हणाल्या, "तारीख काय आहे? एकोणीस सप्टेंबर. आता तुझे बारा महिने इथून धरायचे."

तिकडचा नाही, हे तिकडच्यांनी लिहून दिलं. इकडचा नाही, हे इकडच्यांनी. मधे कुठेतरी हायवेवर राहतो म्हणू का मी?

या नोव्हेंबरात बाईंना आधी विचारलं, शिकारीला जाऊ का? म्हणाल्या, "चार दिवस खुशाल जा, पण परवाना बाहेरच्याचा काढ आणि त्याची प्रत मला आणून दे, तुझ्या फाइलला बळ येईल." काढला. बाहेरच्याचा दर, किती पट ते विचारू नका, स्वतःच्या आजोबांच्या झोपडीत शिरायला. वीस तास गाडी हाणून पोहोचलो. बाबांनी कागद हातात घेतला, त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं 'रहिवासी नाही' पुन्हा पुन्हा वाचलं आणि तो माझ्याच खिळ्याला नीट अडकवला.

मग ताट वाढलं आणि म्हणाले, "बसा पाहुणे. राहणार ना चार दिवस?"