चॅडचा घोडा

लखनौच्या अलीगंजमधल्या इस्पितळात, हिंदीच्या गलक्यात मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं आणि चेतनाचे कान थेट माहेरी गेले.

"नंदू, बस ना रे चाकाच्या खुर्चीत. एक्स-रे पार त्या टोकाला आहे."

"चालत येतो, ताई. इथले निम्मे डॉक्टर माझे विद्यार्थी. काय म्हणतील?"

"सकाळपासून दोनदा पडलास. मी दमले रे आता."

"तेराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात चॅड नावाचा बिशप होता. संत माणूस. गावोगाव पायीच हिंडायचा. घोड्यावर बस म्हटलं तरी बसेना."

"तीस वर्षं वर्गात सांगितलीस, मलाही पाठ झाली ती गोष्ट. शेवटी बसला ना?"

"बसवला. थिओडोरनं, त्याच्या थोरल्या बिशपनं, स्वतःच्या हातांनी उचलून."

"थोरला म्हणजे केवढा?"

"सत्तरीला टेकलेला."

"मी पंच्याहत्तरची आहे. ऊठ."

"ताई, तुझी कंबर..."

"थिओडोरच्या कंबरेचं काही लिहून ठेवलंय कुणी?"

"नाही."

"मग गप्प राहा, आणि टाक हात माझ्या गळ्यात."

थोड्या वेळानं मागून चाकं कुरकुरत आली. चेतनानं पाय आत घेऊन वाट करून दिली.